कोळशातली नदी
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवात बोलावयाचे म्हणजे हिऱ्याविषयी बोलावे, अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्यांची निराशा होणार आहे. मी कोळशाविषयी बोलणार आहे. आणि कोळशाहूनही अधिक, त्या कोळशाला जन्म देणाऱ्या नद्यांविषयी. हिरा आणि कोळसा, दोन्ही मुळात कार्बनच, एवढाच काय तो आजच्या प्रसंगाशी धागा. (कोळसा पुष्कळ दाबला की त्याचा हिरा होतो, असे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. ते खरे नाही. बहुतेक हिरे जमिनीवर पहिले झाड उगवण्याच्या कितीतरी आधी, भूपृष्ठाखाली फार खोलवर घडलेले आहेत.)

भिलाईत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे झोतभट्टीला, तीन वस्तू लागतात: लोहखनिज, कोक आणि चुनखडी. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या तिन्हींची आवक चालू आहे. लोहखनिज दल्ली-राजहराहून आले, चुनखडी नंदिनीहून. कोकसाठी लागणारा कोळसा आधी झरिया-बोकारोच्या बाजूने आला आणि पुढे परदेशातूनही येऊ लागला. घरातल्या दिव्यांमागे आणि कारखान्याच्या यंत्रांमागे कोरब्याचा कोळसा उभा राहिला. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी या मालाच्या वाघिणी रिकाम्या करून घेतल्या, त्यांचे नमुने तपासले, त्यांचे आकडे नोंदवले. परंतु या तिन्ही वस्तू मुळात पाण्याने घातलेले थर आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. दल्ली-राजहराचे लोखंड दोनशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी पट्ट्यापट्ट्यांनी साचले. नंदिनीची चुनखडी शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या, कदाचित त्याहूनही जुन्या, उथळ समुद्राची. तिघांपैकी नदीचे अपत्य एकच, आणि ते म्हणजे कोळसा.

आता साहजिकच प्रश्न येतो की, हे कळले कसे? समुद्र कोणता आणि नदी कोणती, हे दगड पाहून सांगता येते काय? सांगता येते. एवढेच नव्हे, तर ती नदी कोणत्या दिशेने वाहत होती, साधारण किती खोल होती, तिच्या काठी झाडे होती की नव्हती, हेही बऱ्याच विश्वासाने सांगता येते. त्यासाठी आधी आपल्या शिवनाथच्या काठावर जाऊ.

पाणी वेगाने वाहते तेव्हा ते गोटे ढकलते. वेग उतरला की गोटे थांबतात आणि वाळू पुढे जाते. आणखी उतरला की वाळूही बसते, केवळ रेव्याहून बारीक असा चिखल पाण्यात तरंगत राहतो. आणि पाणी साचून निवांत झाले की तोही तळाशी बसतो. आपल्या आया-आज्या सुपात धान्य पाखडीत, तेव्हा वाऱ्याच्या झोताने जड आणि हलके वेगळे होई. नदी तेच काम पाण्याच्या झोताने करते. म्हणून कणांचा आकार ही वेगाची नोंद होय. गोट्यांचा थर म्हणजे वेगवान पाणी, चिखलाचा थर म्हणजे संथ पाणी.

यात एक गंमत आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ ह्युलस्ट्रॉम यांनी १९३५ साली दाखवून दिले की, तळाशी बसलेली वस्तू पुन्हा उचलण्यासाठी लागणारा वेग कणाच्या आकाराप्रमाणे सरळ वाढत जात नाही. सर्वांत सहज उचलली जाते ती मध्यम-बारीक वाळू. गोटे जड म्हणून अवघड, हे ठीक. परंतु अगदी बारीक चिकणमातीही उचलण्यास अवघड, कारण तिचे कण एकमेकांना घट्ट धरून राहतात. त्यामुळे पुरानंतर बसलेला चिखलाचा पातळ पापुद्रा पुढचा लहान पूर सहजासहजी पुसू शकत नाही. नदीच्या दप्तरातली सर्वांत नाजूक दिसणारी पाने अनेकदा सर्वांत टिकाऊ ठरतात ती यामुळे.

कण पाहून वेग कळतो. दिशा कळण्यासाठी वाळूच्या थराच्या आत पाहावे लागते. नदीपात्रातल्या वाळूला आपण मराठीत वाळवंट म्हणतो. पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट सर्वांना ठाऊक आहे. पाणी असताना या वाळवंटाच्या पृष्ठावर वाळूचे लहानमोठे वरंबे असतात. प्रवाह वाळूचा कण वरंब्याच्या चढावरून ढकलत माथ्यापर्यंत नेतो, आणि माथा ओलांडला की तो कण पलीकडच्या उतारावरून घरंगळतो. ट्रकमधून वाळू ओतली की ढिगाची बाजू एका ठराविक कोनातच थांबते, सुमारे ३० ते ३४ अंशांत, तसेच येथेही होते. एका उतारावर दुसरा, त्यावर तिसरा असे पातळ तिरपे पदर चढत जातात आणि वरंबा पुढे सरकतो. वर्षांनंतर त्या वाळूचा वालुकाश्म झाला, तरी हे तिरपे पदर दगडात तसेच दिसतात. भूविज्ञानात याला तिर्यक्स्तरण म्हणतात. पदर ज्या दिशेला खाली झुकले, त्या दिशेला पाणी वाहत होते. दगडावर होकायंत्र टेकवावे, झुकावाची दिशा मोजावी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाहाची दिशा वहीत उतरते.

अर्थात एका पदरावर विश्वास ठेवणे धोक्याचे. नदी वळते, आडवी जाते, भोवऱ्यात उलटी फिरते. शिवाय नंतरच्या भूहालचालींनी सबंध खडकच कलला असेल, तर तो कल आधी वजा करावा लागतो. म्हणून मोजमापे शेकड्यांनी घ्यावी लागतात. मगच त्यांच्या गर्दीतून मुख्य दिशा पुढे येते.

हे सारे ध्यानात ठेवून आपण कोरब्याला जाऊ. तेथील उघड्या खाणीत जी भिंत दिसते, ती कोळशापुरती पाहिली तर काळी-पांढरी पट्टेरी चादर वाटते. तळापासून वर वाचत गेले तर एक क्रम पुन्हापुन्हा आढळतो. खाली एक खडबडीत, खरवडलेली पातळी. तिच्यावर बारीक गोटे आणि चिखलाच्या मोडक्या ढेपळ्या. त्यावर जाड, पांढरट वालुकाश्म, मोठमोठ्या तिरप्या पदरांचा. त्याच्यावर वाळू बारीक होत जाते, पदर लहान होतात, पाण्याच्या सुरकुत्यांचे ठसे उमटतात. मग करडा शेल, ज्यात पानांचे ठसे सापडतात. आणि मग कोळसा. कोळशावर पुन्हा तीच खरवडलेली पातळी, पुन्हा गोटे, पुन्हा वाळू.

खरवडलेली पातळी म्हणजे नदीच्या पात्राने आधीची जमीन कापली. गोटे आणि ढेपळ्या पात्राच्या तळाशी राहिलेल्या. ढेपळ्या कोसळलेल्या काठाच्या. जाड वाळू ही पात्रातली, बारीक वाळू पात्राच्या उथळ कडेची. नदी हळूहळू बाजूला सरकली, की त्या जागी पुराच्या वेळीच पाणी येऊ लागले. शेल हा त्या पुरांचा चिखल. शेवटी नदी इतकी दूर गेली की तेथे दलदल झाली, झाडोरा वाढला आणि पाण्याखाली कुजता कुजता साठत राहिला. मग शतकांनी, सहस्रकांनी नदी परतली आणि दलदलीला कापत गेली. तळच्या गोट्यांपासून वरच्या बारीक वाळूपर्यंतची उंची मोजली की पात्राच्या खोलीचा अदमासही येतो. खाणीतल्या लोकांना नदीची ही परतण्याची सवय फार महागात पडते. चांगला जाड कोळसा चालू असतो आणि अचानक समोर वालुकाश्माची भिंत येते. जुन्या पात्राने तेवढा कोळसा वाहून नेलेला असतो. नदीची दिशा माहीत असली, तर अशी जागा पुढे कोठे येईल याचा अंदाज बांधता येतो. हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही, ते असे.

या खडकांना बराकर स्तर म्हणतात. वय सुमारे २८ कोटी वर्षे. अलीगढचे भूवैज्ञानिक एस. एम. कश्यप आणि आर. सी. तिवारी यांनी सोन-महानदी आणि कोयल-दामोदर खोऱ्यांतील कोळसाधारी खडकांचा याच पद्धतीने अभ्यास करून १९८४ साली तो प्रसिद्ध केला. सोन-महानदी पट्ट्यातील त्या काळच्या नद्यांची मुख्य दिशा निघाली वायव्य.

वायव्य! आजची महानदी सिहाव्याजवळ उगम पावते, आधी उत्तरेकडे जाते, मग आपली शिवनाथ पोटात घेऊन पूर्वेकडे वळते आणि ओडिशातून आग्नेय दिशेने बंगालच्या उपसागराला मिळते. २८ कोटी वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून नद्या जवळजवळ उलट्या दिशेने वाहत होत्या. समुद्राकडे पाठ करून वाहणारी नदी कशी असेल, असे वाटेल. पण पाठ करायला तेथे समुद्रच नव्हता. बंगालचा उपसागर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता आणि त्या बाजूच्या उंच प्रदेशातून पाणी खाली येत होते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दुभंगली, मधे समुद्र शिरला, आणि पुढे उतारच फिरला. एवढी मोठी घटना, आणि तिचा एक साक्षीदार म्हणजे वाळूतले हातभर लांबीचे तिरपे पदर!

त्या वालुकाश्मात आणखी एक खूण आहे. त्यात फेल्डस्पार नावाचे खनिज पुष्कळ ताजे राहिले आहे. फेल्डस्पार उष्ण आणि दमट हवेत लवकर कुजतो आणि त्याची पांढरी माती होते. तो कुजला नाही, याचा अर्थ डोंगरातून निघालेली वाळू फार काळ उघड्यावर राहिली नाही आणि हवा बहुधा थंड होती. बराकर स्तरांच्या खाली असलेल्या तालचिर स्तरांत तर हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे आहेत. ओडिशातील तालचिर येथे ब्लॅनफर्ड बंधूंना ते १८५६ सालीच ओळखू आले होते. आपल्या मे महिन्यातल्या भिलाईत बसून बर्फाची कल्पना करणे कठीण आहे, हे मी मान्य करतो.

या सबंध खडकमालेला गोंडवन हे नाव मिळाले, आणि ते आपल्या परिसराचे नाव आहे. गढा-मंडला, देवगड, चांदा येथील गोंड राजांच्या मुलखावरून हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली ते सुचवले. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्युस यांनी दक्षिणेकडील साऱ्या जोडलेल्या खंडांना तेच नाव दिले. आज दक्षिण आफ्रिकेत, अर्जेंटिनात, ऑस्ट्रेलियात भूविज्ञानाचा विद्यार्थी पहिल्या वर्षी गोंडांचे नाव शिकतो. आपल्या मुलांना ते कधी कळते, हा प्रश्न मी येथे शिक्षक बसले आहेत म्हणून विचारीत नाही, पण विचारतो.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे मुळात विदर्भातली, म्हणून नागपूरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. त्यांनी काढलेल्या शाळेतून पुढे हिस्लॉप कॉलेज उभे राहिले, हे नागपूरकरांना ठाऊक असते. परंतु कामठी, सिलेवाडा, मांगली येथील दगडांत त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी जे शोधले, ते तेवढे ठाऊक नसते. मांगलीच्या थरांत त्यांना एका प्राण्याची कवटी मिळाली. लंडनला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. तो बेडकांच्या दूरच्या नात्यातला, गोड्या पाण्यातला प्राणी होता. कामठीच्या दगडातील वनस्पतींचे ठसे १८६१ साली चार्ल्स बनबरी यांनी वर्णिले. त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांचा ग्लॉसोप्टेरिस होता, आणि आपल्या कोळशाच्या दलदलीतला मुख्य झाडोरा तोच. नागपूरच्या परिसरात एके काळी नद्या, तळी आणि दलदली होत्या, हे या पुराव्यांतून उलगडत गेले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला.

नदी आणि समुद्र यांतला भेद कसा ओळखावा, हे सांगावयाचे राहिले. नदीचे पाणी मुख्यतः एका दिशेला वाहते, म्हणून तिचे तिरपे पदर बहुतांशी एकाच बाजूला झुकतात; भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर ते दोन्ही बाजूंना झुकलेले आढळतात. नदीच्या थरांत पाने, खोडे, गोड्या पाण्यातले जीव. समुद्राच्या थरांत समुद्री शिंपले. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात, मनेंद्रगढला, हसदेव नदीच्या काठी आहे. १९५४ साली तेथे तालचिर स्तरांत थंड समुद्रात राहणाऱ्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. म्हणजे हिमयुग ओसरताना समुद्राचा एक फाटा इतक्या आतपर्यंत आला होता. आज त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. तीच हसदेव पुढे कोरब्याला जाते, जेथे खडक नदीचे. एकाच नदीच्या काठाने प्रवास केला तर आधी समुद्र आणि मग नदी, असा उलटा धडा वाचायला मिळतो.

आपल्या पायाखाली मात्र याहून कितीतरी जुना समुद्र आहे. दुर्ग-रायपूरच्या मैदानाखालची चुनखडी आणि शेल त्याचेच. गुंडरदेहीच्या नावाने तर एक शेलचा थरच ओळखला जातो. या चुनखडीत अनेक ठिकाणी कोबीच्या गड्ड्यासारखे, पाकळ्यांवर पाकळ्या असलेले आकार दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे उथळ पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या साईवर साय चढून झालेले थर. शिंपला नाही, मासा नाही. तेव्हा प्राणी म्हणावेत असे जीवच नव्हते. या खडकमालेच्या तळाशी मात्र नदीचेही खडक आहेत, चंद्रपूर गटाचे. (हे चंद्रपूर म्हणजे विदर्भातले नव्हे, महानदीकाठचे.) त्यांतले सर्वांत खालचे भरड वालुकाश्म आणि गोट्यांचे थर पाहिले तर कोरब्याच्या नदीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण जाड वाळूवर शेल, त्यावर कोळसा हा क्रम तेथे नाही. त्याचे कारण साधे आहे. तेव्हा जमिनीवर झाडेच नव्हती. मुळांनी बांधलेला काठ नव्हता, त्यामुळे पाणी एका पात्रात टिकत नसे. उथळ, रुंद, असंख्य फाट्यांनी वाहणारी, आज येथे तर उद्या तेथे अशी ती नदी होती. काठ हा शब्द आपण नदीसाठी इतका सहज वापरतो, परंतु आपल्या ओळखीचा काठ ही मुळात झाडांची देणगी आहे, हे त्या दगडांनी दाखवले.

आता पुन्हा झोतभट्टीकडे येतो, कारण या सभागृहात त्या विषयाचे जाणकार माझ्याहून अधिक आहेत. आपल्या कोळशात राख जास्त, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. कोकिंग कोळसा वॉशरीत धुतल्यानंतरही त्यात साधारण १७-१८ टक्के राख राहते. आयात केलेल्या ऑस्ट्रेलियन कोळशात ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. गंमत अशी की ऑस्ट्रेलियाचा तो कोळसाही बहुतांशी त्याच गोंडवन काळातला. मग फरक कोठला? आपल्या कोळशाची दलदल नदीच्या फार जवळ होती; पूर आला की पाण्यात तरंगणारा बारीक चिखल कुजणाऱ्या झाडोऱ्यात येऊन मिसळे. झाडोरा जागच्या जागी साचला की पाण्याने वाहून आणला, यावर भूवैज्ञानिकांत जुना वाद आहे आणि मी त्यात शिरत नाही. परंतु राखेचा मोठा भाग हा त्या चिखलाचा आहे. तो पट्ट्यापट्ट्यांनी बसला असता तर धुऊन निघाला असता. तो कणाकणाने कोळशात मुरला आहे, म्हणून निघत नाही.

भट्टीत त्या राखेचे काय होते, हे येथे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना. ती एकटी सहज वितळत नाही. तिला चुना लागतो. सिंटरमधून वा थेट घातलेल्या चुनखडीतला चुना तिच्याशी संयोग पावतो, त्याचा पातळ रस होतो आणि तो लोखंडावर तरंगतो. तोच स्लॅग, म्हणजे धातुमळी. राख जितकी जास्त, तितकी चुनखडी जास्त, स्लॅग जास्त आणि कोकही जास्त. म्हणजे भिलाईत नेमके घडते काय? २८ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीने कोळशात घातलेला चिखल काढण्यासाठी आपण त्याच्या कितीतरी पूर्वीच्या समुद्राचा चुना जाळतो. पुढे त्या स्लॅगचे सिमेंट होते, आणि आपल्यातल्या कोणाच्या तरी घराच्या भिंतीत ती नदी आणि तो समुद्र एकत्र नांदतात. खाणीच्या भिंतीवर वाचलेला पूर वॉशरीच्या आणि कोक ओव्हनच्या हिशेबात असा येऊन बसतो.

थर वाचण्याचा उपयोग जिवंत नद्यांसाठीही होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शरद राजगुरू यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या काठच्या गाळावरून प्राचीन हवामान वाचण्याची परंपराच घडवली. पुण्याचेच विश्वास काळे यांनी पुरांकडे लक्ष दिले. मोठ्या पुराचे पाणी घळईतल्या आडोशाच्या कोपऱ्यांत शिरते, तेथे थांबते आणि बारीक रेतीचा एक थर ठेवून जाते. असे थर एकावर एक मोजले, त्यांचे वय काढले, की मोजपट्ट्या लागण्यापूर्वीच्या पुरांची नोंद हाती येते. नर्मदेवर काळे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी अशी सुमारे १७०० वर्षांची नोंद वाचली. त्यातून दिसले की महापूर समान अंतराने येत नाहीत. काही शतकांत ते घोळक्याने येतात आणि काही शतके जवळजवळ रिकामी जातात. धरण वा पूल बांधणाऱ्याच्या हाती पन्नास-साठ वर्षांचे आकडे असतात. ते आकडे रिकाम्या शतकातले असतील तर?

या ठिकाणी मला थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. नदीची नोंद वाळूत असते, आणि वाळू आज ट्रकाने विकली जाते. पात्रातला उपसा अति झाला की पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींचे पाणी उतरते, आणि थरांचे तर नावही उरत नाही. उपशाचा खड्डा पुढच्या पुरात भरतो, पण भरतो तो एकजात गाळाने. दुसरी गोष्ट हसदेवची. तेथील अरण्याखाली याच बराकर नदीचा कोळसा आहे, आणि त्या अरण्यातून आजची नदी पाणी घेते. मृत नदीचा कोळसा काढण्यासाठी जिवंत नदीचे किती पाणलोट उघडे करावे, हा वाद आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालू आहे. कोळशाच्या विजेवर वाढलेल्या आपण मंडळींनी यावर सोवळेपणाने बोलू नये, हे मला मान्य आहे. तरीही माझे मत सांगतो. जेथे दाट जंगल उभे आहे, तेथला कोळसा सर्वांत शेवटी काढण्याचा असावा; आणि जेथे खाण उघडलीच आहे, तेथे भिंत पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप आणि चित्रे घेऊन ठेवणे हा खाणीच्या कामाचाच भाग असावा. कोळसा उचलला जातो तेव्हा वरचा वालुकाश्मही ढिगाऱ्यावर फेकला जातो, आणि त्या ढिगाऱ्यातून कोणतीही दिशा पुन्हा मोजता येत नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी मला सांगितले होते की मुलांना करता येईल असे काही तरी सांगा. तेव्हा हे सांगतो. पावसाळा संपून पाणी उतरले, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, शिक्षकांसह शिवनाथच्या काठी जावे. उंच दरडीखाली कोणी बसू नये, ती ढासळते. कंबरेएवढ्या उंचीचा काप पुरे. सोबत गवंड्याची थापी, टेप, होकायंत्र आणि वही असावी. थापीने काप हलक्या हाताने तासून सपाट करावा आणि थर तळापासून वर मोजत चित्र काढावे: कोठे गोटे, कोठे भरड वाळू, कोठे चिखलाचा पापुद्रा. मग तिरप्या पदरांची दिशा निदान दहा ठिकाणी मोजावी. नदी समोरच वाहत असल्याने उत्तर तुम्हांला आधीच ठाऊक आहे. म्हणजे परीक्षा तुमची नसून पद्धतीची आहे. बहुतेक मोजमापे नदीच्या बाजूने पडतील. एखादे उलटे निघाले तर ते खोडू नका. तेथे कदाचित काठाला धडकून परतलेले पाणी फिरले असेल. वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा, आकडा तसाच ठेवा आणि वरच्या थराकडे वळा.